टीबीची लागण आणि टीबी: दोन्ही एक नव्हेत

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या एखाद्या घरात कुणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला, की बाकीच्यांनाही तपासायला बोलावतात. दवाखान्यातलं पत्रक कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत आणि समजूत घालायची मराठीत, असा आपल्याकडचा कारभार. त्यात सुनेची मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली, की दिवेलागणीपर्यंत गल्लीभर होतं, 'सुनेलापण टीबी झालाय.'

एवढ्यावरून तिला टीबी झालाय असं ठरत नाही. हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी जी गाठ मोजतात, ती एवढंच सांगते की शरीराची टीबीच्या जंतूशी गाठ पडली असावी. लहानपणीच्या बीसीजी लशीमुळेही ती कधीकधी उठते. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, तर ही नुसती लागण. जंतू आत आहेत, पण पेशींनी त्यांना वेढून डांबून ठेवलंय. अशा माणसापासून दुसऱ्याला काहीही होत नाही. तिची ताटवाटी वेगळी करतात, त्याला तर काहीच अर्थ नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे.

रोग म्हणजे हा वेढा फुटणं. जंतू वाढतात, फुफ्फुस पोखरतं, मग दोन आठवड्यांवर लांबलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरत जाणारं वजन. लागण झालेल्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग होतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांत. गोचिडीतून होणाऱ्या माकडतापात लागण आणि ताप यांच्यात जेमतेम आठवडा जातो. टीबीत वर्षानुवर्षं जाऊ शकतात, म्हणून हा घोळ टीबीतच जास्त.

वेढा कशानं फुटतो? मधुमेह, एचआयव्ही, कुपोषण आणि धूम्रपान. 'तंबाखूनं टीबी होतो' हे निपाणीत सर्रास ऐकू येतं, ते अर्धंच खरं. टीबी होतो तो जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं १८८२ साली दाखवलेल्या जंतूनं. विडीचा धूर त्या जंतूला वाट करून देतो. पण जंतूच नसेल तर कितीही विड्या ओढा, दमा-खोकला होईल, कॅन्सर होईल, टीबी होणार नाही.

औषधंही वेगळी. रोगाला सहसा किमान सहा महिने, सुरुवातीला चार औषधं एकत्र. लागणीला प्रतिबंधक उपचार, एक-दोनच औषधं. गोम इथंच आहे. आत रोग असताना लागण समजून एकच औषध दिलं, तर त्याला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि वाढतात. म्हणून प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टर खोकल्याची चौकशी करतात, एक्स-रे काढायला लावतात, गरज पडली तर थुंकी तपासतात. 'मला काही होत नाही, मग फोटो कशाला?' म्हणून तो टाळू नये.