बॅटरीवर वाढलेला रेडिओ

जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओचं (व्हॉल्व्ह म्हणजे आतल्या काचेच्या निर्वात नळ्या) मागचं झाकण काढलं, आत मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसला नाही आणि भिंतीतल्या सॉकेटकडे जाणाऱ्या वायरीऐवजी चार-पाच वायरींचा जुडगा लोंबत असला, तर तो रेडिओ बहुधा बॅटरीवरचा. त्याला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत. ‘ए’ बॅटरी व्हॉल्व्हचं फिलामेंट, म्हणजे आतली बारीक तार, तापवायची. तिचा दाब (व्होल्टेज) कमी, पण प्रवाह जास्त. ‘बी’ बॅटरी प्लेटला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याला, दाब द्यायची. हा दाब पुष्कळदा ९० व्होल्ट असे, प्रवाह मात्र जेमतेम १०-१५ मिलिअँपिअर. त्याहून जुन्या संचांत ग्रिडसाठी, म्हणजे मधल्या नियंत्रक जाळीसाठी, तिसरी ‘सी’ बॅटरीही असे.

आता हा रेडिओ घरच्या विजेवर चालवायचा आहे. मग दाब कमी करून ती वीज सरळ फिलामेंटला का देऊ नये? विजेवरच्या रेडिओत ते चालतं, कारण तिथे फिलामेंट फक्त शेगडीचं काम करतं. इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते तिच्याभोवतीच्या वेगळ्या नळीतून, म्हणजे कॅथोडमधून. बॅटरीच्या व्हॉल्व्हमध्ये अशी नळीच नाही. फिलामेंट हाच कॅथोड. १.४ व्होल्टचा एसी, म्हणजे घरच्या विजेसारखा दिशा बदलत राहणारा पुरवठा, दिला की त्याचा दाब शिखराला सुमारे २ व्होल्ट होतो आणि सेकंदाला १०० वेळा उलटतो. ग्रिडवर येणारा रेडिओचा संदेश त्यापुढे अगदी क्षीण, त्यामुळे स्पीकरमधून गाण्याऐवजी घुमणंच ऐकू येतं. शिवाय हे फिलामेंट केसासारखं बारीक. १.४ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे ७० मिलिवॉट! विजेवरच्या नेहमीच्या व्हॉल्व्हला ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ दोन वॉट लागतात. इतक्या नाजूक तारेचं तापमानही एसीबरोबर खालीवर होतं. म्हणून दोन्ही पुरवठे डीसीच, म्हणजे एकाच दिशेचे हवेत, आणि तेही बॅटरीइतके शांत.

१९२५ साली टोरोंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी थेट घरगुती विजेवर चालणारा रेडिओ विक्रीला आणला, तो एसीवर तापणारे व्हॉल्व्ह वापरूनच. जुना बॅटरीचा संच मात्र व्हॉल्व्ह न बदलता, आहे तसाच चालवायचा असतो.

कामाला हात घालण्याआधी व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचावेत. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंटचा दाब सांगतं. ‘डीएफ ९१’मधला ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, ‘के’ असेल तर २ व्होल्ट. हे २ व्होल्ट शिसे-आम्लाच्या एका घटाचे. अमेरिकी ‘१टी४’मधला सुरुवातीचा १ म्हणजे तेच १.४ व्होल्ट, तर १९२०च्या दशकातल्या ‘२०१ए’ला ५ व्होल्ट लागतात. इथे अंदाज चालत नाही. जळालेलं फिलामेंट दुरुस्त होत नाही.

पुरवठा वेगळ्या डब्यात बांधावा आणि रेडिओच्या मूळ वायरींना जोडावा, असं माझं ठाम मत आहे. रेडिओला नवी भोकं पाडू नयेत. डब्यात ट्रान्सफॉर्मर हवाच, कारण या संचांची लोखंडी चासी (सांगाडा) आणि उघडे स्क्रू घरची वीज येईल या हिशेबाने बनवलेलेच नव्हते. ट्रान्सफॉर्मरआधी फ्यूज, पुढे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, त्यातल्या लहरी सपाट करणारे कपॅसिटर आणि ‘ए’साठी दाब १.४ व्होल्टला बांधून ठेवणारा रेग्युलेटर. ‘बी’च्या कपॅसिटरवर एक रेझिस्टर कायमचा जोडावा, म्हणजे बंद केल्यावर साठलेला दाब उतरतो. कमी दाबाचा ९० व्होल्ट करणारी स्वस्त स्विचिंग सर्किटं मोहात पाडतात, पण त्यांचा गोंगाट नेमका मीडियम वेव्हवर खरखर होऊन उमटतो. विजेशी खेळायचं नसेल, तर ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की ९० व्होल्ट मिळतात. तोही झटका साधा नसतो, हे विसरू नये.

एक खोच मात्र भल्याभल्यांना चकवते. ‘ए’ आणि ‘बी’ची ऋण टोकं डब्यात एकत्र बांधावीशी वाटतात. पण पुष्कळ संचांत ‘बी’चं ऋण टोक चासीला काही शे ओहमच्या रेझिस्टरमधून जोडलेलं असतं. सगळ्या व्हॉल्व्हचा प्लेट-प्रवाह त्यातून परततो: १० मिलिअँपिअर आणि ७०० ओहम, म्हणजे ७ व्होल्ट. हेच ७ व्होल्ट शेवटच्या व्हॉल्व्हचं ग्रिड ऋण ठेवतात. ‘सी’ बॅटरी गेली ती या युक्तीमुळे. दोन्ही ऋण टोकं जोडली की रेझिस्टरला बगल मिळते, आवाज फाटतो आणि तो व्हॉल्व्ह नको तितका प्रवाह ओढत झिजतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरवर दोन स्वतंत्र वेटोळी घ्यावीत आणि त्यांची गाठ रेडिओच्या आतच पडू द्यावी.

मेणकागदाचे जुने कपॅसिटर गळके झालेले असतात. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा तर आधी बदलावा, नाहीतर प्लेटचा धन दाब झिरपून ग्रिडवर येतो.

पहिली चाचणी रेडिओ न जोडता. चार व्हॉल्व्ह मिळून २५० मिलिअँपिअर घेत असतील, तर ‘ए’वर ५.६ ओहमचा आणि ‘बी’वर ९ किलोओहमचा रेझिस्टर लावून दाब मोजावा. वायरींची अदलाबदल झाली तर ९० व्होल्टपुढे फिलामेंटं क्षणात जातात, म्हणून त्या दोनदा तपासाव्यात. मग रेडिओ जोडायचा. व्हॉल्व्ह पेटलेले दिसणार नाहीत. अंधारात फार तर मंद लाल रेघ दिसेल. पण विजेवरच्या रेडिओसारखं थांबावं लागत नाही, आवाज जवळजवळ लगेच येतो. दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी काटा आणून स्पीकरला कान लावावा. तिथे घुमणं ऐकू आलं, तर फिल्टरमध्ये अजून एक कपॅसिटर घालायचा.