आरतीच्या व्हिडिओतले काळे पट्टे

आमच्या घरच्या गणपतीच्या आरतीचा मी काढलेला पहिला व्हिडिओ अजून आहे. तबक, झांजा, मागच्या रांगेत जांभया देणारी पोरं, सगळं त्यात आहे. आणि या सगळ्यावरून थरथरत सरकणारे करडे आडवे पट्टेही आहेत. खिशात मावणारा कोरा कॅमेरा बिघडला असं धरून मी दुकान गाठलं. दुकानदारानं मेन्यूत शिरून ‘एनटीएससी’चं ‘पॅल’ केलं आणि कॅमेरा परत हातात ठेवला.

आपल्याकडच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. चोकवाली ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण त्याचा सीमॉस सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, अख्खं चित्र एकदम टिपत नाही. वरून खाली ओळीओळीनं वाचत जातो. ‘एनटीएससी’ हे अमेरिकेतल्या ६० आवर्तनांच्या विजेला धरून केलेलं सेटिंग, ‘पॅल’ ५० च्या. ‘एनटीएससी’त शटर, म्हणजे उजेड आत घ्यायची वेळ, बहुतेकदा १/६० सेकंदावर बसतं. तेवढ्यात आपली ट्यूब पावणेदोनच्या आसपास वेळा उजळते. मग काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. तेच पट्टे. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला पूर्ण दोन किंवा पूर्ण एक झळक येते आणि भांडण मिटतं. चालत्या लोकलमधून काढलेल्या व्हिडिओत विजेचे खांब तिरके दिसतात, तेही या ओळीओळीनं वाचण्यामुळेच. शेवटच्या ओळीची पाळी येईपर्यंत खांब मागे सरकलेला असतो.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या गोल डायलवरच्या चित्रांना मी बरीच वर्षं खेळणं समजत होतो. पळणारा माणूस, डोंगर, फूल, चांदणी. खरं तर कॅमेऱ्याच्या हातात तीनच गोष्टी आहेत: भिंगाचं छिद्र किती उघडायचं, उजेड किती वेळ घ्यायचा आणि आलेला सिग्नल किती वाढवायचा. हा तिसरा आकडा म्हणजे आयएसओ. प्रत्येक चित्र हा या तिघांमधला आधीच करून ठेवलेला सौदा.

पळणारा माणूस घ्या. अंगणात सेकंदाला पाच मीटर धावणारं पोर १/६० सेकंदात आठ सेंटिमीटर पुढे जातं, फोटोत त्याचा फराटा उमटतो. १/५०० सेकंदात ते एकच सेंटिमीटर सरकतं. पण उजेडही जवळपास आठपट कमी मिळतो, म्हणून कॅमेरा आयएसओ चढवतो. आता अशा कॅमेऱ्यांचा नेहमीचा सेन्सर असतो ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. करंगळीच्या नखात बसेल एवढा. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा साधारण तिसावा हिस्सा! संध्याकाळी घरात हा मोड लावला की फोटो रवाळ येतो तो यामुळे. झूम केलात तर आणखी पंचाईत: छिद्राचा आकडा (तो मोठा, तितकं छिद्र लहान) एफ २.८ वरून ५.६ वर गेला, तर उजेड चौथाईवर येतो.

चांदणीवाल्या मोडमध्ये फ्लॅश उडतो, पण शटर लगेच मिटत नाही. मागची रोषणाई टिपायला उघडंच राहतं. आपली माणसं मात्र फ्लॅश उडाला की ‘झालं’ म्हणून पांगतात, आणि काकांच्या अंगातून मागची दिव्यांची माळ आरपार दिसू लागते. फटाक्यांच्या मोडमध्ये फ्लॅश बंद ठेवून शटर दोनेक सेकंद उघडं राहतं, तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवलेला बरा.

फुलाबद्दल एवढंच, की झूम मागे आणून जवळ जा. डायलवर अक्षरंही असतात. ‘ए’ म्हणजे छिद्र आपण ठरवायचा मोड. एवढ्याशा सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मला तो निव्वळ मिरवायचा वाटतो. पार्श्वभूमी काही केल्या फारशी धूसर होत नाही. वेळ ठरवायचा ‘एस’ खरा कामाचा. कॅननच्या डायलवर त्याला ‘टीव्ही’ म्हणतात, म्हणजे ‘टाइम व्हॅल्यू’. दूरचित्रवाणीशी त्याचा संबंध नाही.

स्लो मोशनचा सौदा आणखी महाग. सेकंदाला २४० चौकटी घेऊन ३० च्या वेगानं दाखवल्या की हालचाल आठपट संथ होते, पण एका चौकटीला १/२४० सेकंदापेक्षा जास्त वेळ देताच येत नाही आणि तेवढ्यात वाचून होतात त्या ओळीही थोड्याच. कॅसिओच्या २००९ मधल्या एक्झिलिम एफसी१०० या खिशातल्या कॅमेऱ्यात सेकंदाला १००० चौकटी मिळायच्या, पण प्रत्येक चौकट २२४ बाय ६४ बिंदूंची. पोस्टाच्या तिकिटाचीही अर्धी पट्टी.

दुसऱ्या वर्षी आरती ‘पॅल’वर घेतली, पट्टे गेले. मात्र ऐन मंत्रपुष्पांजलीत २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कॅमेरा आपणहून थांबला. या वेळी दुकानात गेलो नाही. ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त सलग चित्रण करणारं यंत्र युरोपीय संघाच्या जकातीत व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचं आणि त्यावर कर लागायचा. तो चुकवायला कंपन्या एक सेकंद आधी थांबत. ब्रसेल्सचा कायदा आमच्या देवघरात पोचला होता. घरच्यांना हे सांगितलं, तर आई म्हणाली, ‘‘मग आरती जरा भरभर म्हणायची होती.’’