चिमणी कनेक्टिकटची, झाडं ग्वाटेमालाची: वीज कंपन्यांच्या ‘आपणहून’ कार्बन कपातीची पार्श्वभूमी

183 मेगावॅट म्हणजे आपल्या हिशोबाने छोटाच सेट. एकलहऱ्याला 210 चे आहेत, कोराडीला 660 चे. पण वीज कंपन्या हल्ली जे सारखं सांगत असतात की बघा, कायद्याची सक्ती नसताना आम्ही आपणहून कार्बन कमी करतोय, त्याचा उगम शोधत मागे मागे गेलं की आपण अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका 183 मेगावॅटच्या कोळशाच्या प्लांटपाशी पोचतो. नदीचं नाव थेम्स (लंडनची नव्हे, तिकडेही एक थेम्स आहे), गाव मॉन्टव्हिल, आणि कंपनी अप्लाइड एनर्जी सर्व्हिसेस, म्हणजे पुढे जी नुसती एईएस झाली आणि ओडिशातही येऊन गेली ती.

हा विषय निघाला कशावरून, तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ग्रीन टॅरिफवरून जुंपली होती. मार्च 2021 मध्ये आपल्या राज्य वीज नियामक आयोगाने ग्राहकाला युनिटमागे 66 पैसे जादा भरून 100 टक्के हरित वीज घ्यायची सोय करून दिली, ऐच्छिक, ज्याला हवी त्याने घ्यावी. एकाचं म्हणणं, वायर तीच, मीटर तोच, मग 66 पैसे कशाचे? दुसरा म्हणाला, आपण भरूच हो, पण कंपन्या स्वतःच्या खिशातून काय करतात ते आधी कळू दे. या दुसऱ्या प्रश्नाला पस्तीसेक वर्षांचा इतिहास आहे आणि ग्रुपवर एवढं लांबलचक कोण वाचणार, म्हणून इथे.

तर 1978 च्या एका कायद्याने अमेरिकेत बाहेरच्या लोकांना वीज तयार करून ती मोठ्या वीज कंपन्यांना विकायची मुभा मिळाली. त्या दारातून जे आत शिरले त्यातली ही एईएस, 1981 ची. रॉजर सँट आणि डेनिस बॅकी हे दोघे संस्थापक, आणि दोघंही आधी केंद्र सरकारच्या ऊर्जा प्रशासनात ऊर्जाबचतीचं काम केलेले. म्हणजे वीज वाचवा म्हणून सांगणारी माणसं आता कोळशाचा प्लांट उभारत होती, आणि मला वाटतं ते त्यांना कुठेतरी टोचत असणार. त्यांनी वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या पर्यावरणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेला विचारलं की आमच्या चिमणीतून जेवढा कार्बन निघेल तेवढा दुसरीकडे कुठे जिरवता येईल का. आपल्याकडे पाणी अडवा, पाणी जिरवा, तसं यांचं कार्बन जिरवा. अडवायचं मात्र नाही, कारण चिमणीतच कार्बन डायऑक्साइड पकडायचा म्हणजे तेव्हा भलताच महाग प्रकार होता.

आकडा किती मोठा होता ते आपलं आपण काढून बघता येतं. 183 मेगावॅटचा सेट वर्षभर 85 टक्के लोडवर चालला तर साधारण 136 कोटी युनिट होतात. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळमानाने किलोभर कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे वर्षाला 13.6 लाख टन. त्यातला नुसता कार्बन काढायचा तर 44 भागातले 12, म्हणजे 3.7 लाख टन. प्लांटचं आयुष्य 40 वर्षं, झाले दीड कोटी टनांच्या जवळपास. तेव्हा कंपनीने जो आकडा धरला होता तोही याच घरातला.

इन्स्टिट्यूटने वेगवेगळ्या संस्थांकडून प्रस्ताव मागवले आणि त्यातून केअर या गरिबांसाठी काम करणाऱ्या मदतसंस्थेचं मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातलं काम निवडलं गेलं. ऑक्टोबर 1988 मध्ये घोषणा झाली: 10 वर्षांत 5 कोटी 20 लाख झाडं, 40 हजारांच्या आसपास छोटे शेतकरी, एईएसचे 20 लाख डॉलर, बाकीचे पैसे आणि मनुष्यबळ केअर, अमेरिकन सरकार, त्याच सरकारने परदेशी कामाला पाठवलेले पीस कोअरचे स्वयंसेवक आणि ग्वाटेमाला सरकार यांचं. त्याच वर्षी 23 जूनला नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटपुढे साक्ष दिली होती की पृथ्वी तापायला लागली आहे, आणि तो उन्हाळाही तिकडे भयंकर होता, त्यामुळे ही घोषणा अगदी वेळेवर पडली. कोणी सांगितलं नव्हतं, कुठला कायदा नव्हता, तरी एक वीज कंपनी आपल्या धुराची भरपाई करतेय म्हणाल्यावर तिकडच्या पेपरवाल्यांना आणखी काय हवं.

आता 20 लाख डॉलर भागिले दीड कोटी टन करा. टनाला 13 सेंट. इतक्या स्वस्तात पाप धुवून मिळत असेल तर कोण सोडेल!

पण कंपनी लबाड होती असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण भानगड हिशोबाच्या पोटात होती. 5 कोटी 20 लाख झाडांनी दीड कोटी टन उचलायचे तर झाडामागे 290 किलो कार्बन आला, म्हणजे 580 किलोच्या आसपास सुकं लाकूड, तेही न तोडता तसंच उभं. आणि ही झाडं लागणार होती कुठे, तर डोंगरउतारावर मका घेणाऱ्याच्या बांधावर, ज्याच्या घरी चूल लाकडावर पेटते. त्याला झाड हवं होतं ते सरपणाला, गुरांच्या चाऱ्याला, माती धरून ठेवायला. म्हणून हिशोबात नुसती झाडं नव्हतीच. बांधावरचं सरपण मिळालं की माणूस जंगलात कुऱ्हाड घेऊन जाणार नाही, मग ते जंगल वाचलं, त्यातला कार्बन वाचला, तोही जमेत, असं धरलेलं होतं. म्हणजे जे झालं नाही त्याची जमा. आणि केअर तर तिथे आधीपासून झाडं लावतच होती, मग एईएसच्या पैशामुळे नेमकं जादा काय झालं हा प्रश्न राहतोच. ऑफसेटच्या, म्हणजे इथला धूर दुसरीकडे भरून काढायच्या, धंद्यात आजही जे वाद चालतात ते सगळे या पहिल्याच सौद्यात हजर होते.

दहाएक वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा शेतकऱ्यांना फायदा झालेला दिसला, माती सुधारली, लाकूडफाटा मिळाला, पण कार्बनचं उद्दिष्ट फारच लांब राहिलं होतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात 2019 ला 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं, आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप हा तर आपल्याकडचा जुनाच विनोद आहे.

कल्पना मात्र झपाट्याने पसरली. नेदरलँड्समधल्या वीज उत्पादकांच्या मंडळाने 1990 मध्ये फेस नावाचं फाउंडेशनच काढलं, 600 मेगावॅटच्या कोळशाच्या प्लांटची भरपाई म्हणून दीड लाख हेक्टर जंगल उभं करायचं, मलेशिया, इक्वेडोर, युगांडा वगैरे ठिकाणी. युगांडात माउंट एल्गनला ते अंगाशी आलं. तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवरून आधीच लोकांना उठवलं होतं, त्याच हद्दीच्या पट्ट्यात ही झाडं लागली, आणि पुढे लोकांनी ती तोडून पुन्हा शेती केली. धरणाखाली गेलेल्या मुळशीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, तिथेही वीज मुंबईची होती आणि जमीन मावळ्यांची.

अमेरिकेत 1991 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया एडिसन आणि लॉस एंजेलिसचं पाणी-वीज खातं या दोघांनी 2010 पर्यंत कार्बन डायऑक्साइड 20 टक्के कमी करू असं जाहीर केलं, तेही आपणहून. पण सरकार यात उतरलं ते 1992 च्या रिओच्या पर्यावरण परिषदेनंतर. ऑक्टोबर 1992 च्या ऊर्जा कायद्यात 1605 ब नावाचं कलम आलं: ज्याला वाटेल त्याने आपली कपात सरकारी ऊर्जा माहिती विभागाकडे नोंदवावी. पुढच्या वर्षी क्लिंटन आले, 2000 पर्यंत उत्सर्जन 1990 च्या पातळीवर आणू म्हणाले, ऊर्जेवर कर लावायला गेले आणि तो कर संसदेत आपटला. मग ऑक्टोबर 1993 मध्ये जो आराखडा आला तो बहुतेक सगळा ऐच्छिक, आणि एप्रिल 1994 मध्ये ऊर्जा खातं आणि वीज कंपन्यांच्या संघटना यांच्यात करार होऊन ‘क्लायमेट चॅलेंज’ सुरू झालं. सहाशेच्या वर वीज कंपन्या त्यात आल्या. कर नको, कायदा नको, आम्ही आपलं आपण करतो, असा तो सरळ सौदा होता, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे, झाडं वगैरे नंतर.

यात काय काय चालायचं बघा. ग्राहकांना कमी वीज खाणारी उपकरणं दिली, चालेल. अणुभट्टी जास्त तास चालवली, चालेल. राख सिमेंटवाल्यांना दिली, चालेल. कचरा डेपोतला मिथेन पकडला, झाडं लावली, चालेल. यातली बरीच कामं खरोखर चांगली आहेत, राखेचं तर कोराडी-खापरखेड्याच्या लोकांना विचारा. घोळ होता तो नोंदणीत. तुलना कुठल्या वर्षाशी करायची ते कंपनीने ठरवायचं. ‘आम्ही हे केलं नसतं तर किती धूर झाला असता’ अशा काल्पनिक आकड्याशी केली तरी मान्य. अख्ख्या कंपनीचा हिशोब द्या किंवा नुसत्या एका प्रोजेक्टचा, दोन्ही मान्य. बाहेरच्या कोणी तपासायची अट नाही. म्हणजे मी घरी नवा गिझर घेतला आणि महिन्याला 40 युनिट वाचले तर ते सोसायटीच्या बोर्डावर लावायचं, आणि त्याच महिन्यात दोन एसी बसवले ते सांगायचं नाही, आणि बोर्ड खोटं बोलतोय असंही कोणी म्हणू शकत नाही!

गंमत अशी की याच कंपन्यांच्या चिमण्यांवर तेव्हा मीटर बसत होते. 1990 च्या हवा प्रदूषण कायद्यातल्या दुरुस्तीने आम्लपावसासाठी सल्फर डायऑक्साइडवर सक्तीची मर्यादा आली, सतत मोजणारी यंत्रं लावावी लागली, आणि त्याच दुरुस्तीत एक कलम होतं की कार्बन डायऑक्साइडचाही आकडा कळवा. कमी करायची सक्ती नाही, सांगायची सक्ती. त्यामुळे एका फायलीत ‘आम्ही इतकी कपात केली’ आणि दुसऱ्या फायलीत खरा धूर, असं दोन्ही सरकारजमा होत राहिलं.

पुढे अभ्यासकांनी ताळा करून बघितला. मॅगाली डेल्मास आणि मारिया मोंतेस-सांचो यांनी 2010 मध्ये मांडलं की क्लायमेट चॅलेंजमध्ये जे सुरुवातीला आले त्यांनी उशिरा आलेल्यांपेक्षा खरंच जास्त कपात केली, पण सगळे मिळून पाहिलं तर सामील झालेले आणि न झालेले यांच्यात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे पहिले आले ते कामाला आले आणि नंतरचे फोटोला. युन-ही किम आणि थॉमस लायन यांनी 1605 ब च्या नोंदी तपासल्या तर त्याहून वाईट: नोंदणी करणाऱ्यांचं एकूण उत्सर्जन वाढत होतं आणि तरी कागदावर कपात.

सगळंच पाण्यात गेलं असंही नाही. बोलिव्हियातल्या नोएल केम्फ राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर ही तेव्हाची अमेरिकेतली सगळ्यात जास्त कोळसा जाळणाऱ्यांपैकी एक कंपनी, सोबत पॅसिफीकॉर्प ही वीज कंपनी आणि बीपी ही तेल कंपनी, यांनी 1996-97 मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी ही निसर्गरक्षण संस्था आणि बोलिव्हिया सरकारबरोबर लाकूडतोडीचे ठेके पैसे देऊन बंद केले आणि उद्यान जवळजवळ दुप्पट, 15 लाख हेक्टरच्या घरात नेलं. सुरुवातीचा अंदाज होता साडेपाच कोटी टन कार्बन डायऑक्साइड वाचेल. मग जंगलात प्लॉट आखून झाडांचे घेर मोजले, उपग्रहाची चित्रं घेतली, आणि आकडा उतरत उतरत 58 लाख टनांवर आला. साडेपाच कोटींचे 58 लाख! ग्रीनपीसने 2009 मध्ये यावरून झोडपलं आणि ते रास्तच होतं, पण जंगलातला कार्बन मोजायच्या पद्धती ज्या तयार झाल्या त्यातल्या बऱ्याच इथल्या अनुभवातून आल्या, हेही खरं.

उत्सर्जन कपातीच्या क्योटो करारातून अध्यक्ष बुश यांनी 2001 मध्ये अंग काढून घेतल्यावर रिचर्ड सँडर या अर्थतज्ज्ञांनी 2003 च्या डिसेंबरमध्ये शिकागो क्लायमेट एक्सचेंज, म्हणजे कार्बन कपातीच्या खरेदी-विक्रीचा बाजार, चालू केला. आत येणं ऐच्छिक, पण एकदा सही केली की कपात बंधनकारक, वर्षाला एक टक्का. इथेही अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर पहिल्या सभासदांत होती. 2008 मध्ये टनाला 7 डॉलरच्या वर भाव गेला कारण सगळ्यांना वाटलं आता देशभर कायदा येणार, आणि कायदा सिनेटमध्ये अडकल्यावर 2010 मध्ये भाव काही सेंटवर. वर्षअखेरीला दुकान बंद. त्याच सुमारास सरकारने मोठ्या कारखान्यांना आणि प्लांट्सना उत्सर्जन कळवणं सक्तीचं केलं होतं, आणि 1605 ब ची नोंदवही 2011 मध्ये पैसे नाहीत म्हणून गुंडाळली गेली.

अमेरिकेच्या वीज क्षेत्राचं उत्सर्जन मात्र 2005 च्या तुलनेत 2023 पर्यंत 40 टक्क्यांच्या आसपास उतरलं. 2005 मध्ये निम्मी वीज कोळशाची होती, 2023 मध्ये 16 टक्के. खडकातून काढलेला शेल गॅस स्वस्त झाला, पवनचक्क्या आणि सोलर स्वस्त झाले, जुने प्लांट परवडेनात, नियम कडक झाले, असं सगळं मिळून.

न परवडणाऱ्यांत थेम्सकाठचा तो 183 मेगावॅटचाही होता. 1990 च्या आसपास सुरू झालेला, फेब्रुवारी 2011 मध्ये दिवाळखोरीत गेला आणि बंद पडला. 40 वर्षांच्या हिशोबातली 19 वर्षं आलीच नाहीत, म्हणजे वरच्याच आकडेमोडीने 70 लाख टन कार्बन त्या चिमणीतून निघालाच नाही, आणि त्यासाठी कुठे एक रोपही लावावं लागलं नव्हतं.