फासेपारधी शिक्षण (विदर्भ)

विदर्भातील, विशेषतः वऱ्हाडातील, फासेपारधी समाजाच्या मुलांचा शाळेपर्यंतचा प्रवास. चोर-दरोडेखोर म्हणून कायद्यानेच बदनाम केलेल्या या समाजाबद्दल ‘पारधी शिकला आणि सुधारला’ असे सर्रास बोलले जाते. प्रस्तुत नोंदीत ‘सुधारला’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. जन्माला येण्याआधीच गुन्हेगार ठरवलेल्या लेकराला सुधारायचे ते काय?

फास लावून शिकार करणारे ते फासेपारधी. जमिनीलगत दोरी ताणायची, तिला जागोजागी सरकगाठीचे बारीक फास बांधायचे, आणि तितर-लावे धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेने हळूहळू त्या दिशेला हाकायचे. घाई केली की पाखरू उडते, म्हणून पोरे लहानपणीच दबकत चालायला शिकत. याच समाजाचे भाऊबंद टाकणकर गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून जात्याचा दगड खरबरीत करून, देत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि त्यांचे काम बसले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गुन्हा झाली. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच.

त्याच्या शंभर वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो ब्रिटिश अमलातील सर्व प्रांतांत लागू करता येऊ लागला. जमात एकदा यादीत गेली की माणसांची नावे आणि बोटांचे ठसे नोंदले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि मुक्काम हलवायचा तर आधी कळवावे लागे. फिरूनच पोट भरणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्येही बजावावे लागले.

हजेरी हा शब्द बेड्यावर (पारध्यांच्या वस्तीला विदर्भात बेडा म्हणतात) असा ठाण्यातून आला; शाळेची हजेरी फार नंतरची. गावात चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर येतात, ही तक्रार पिढ्यान्पिढ्यांची आहे. बाप धरला गेला किंवा घरच्यांनी रातोरात पाल उचलले की पोराची शाळा तिथेच सुटते. शाळेच्या दप्तरात तो ‘सतत गैरहजर’.

शाळेत टिकला तरी पहिली अडचण भाषेची. घरची बोली गुजराती-राजस्थानीच्या जवळची, पुस्तक मराठीत आणि आजूबाजूची पोरे वऱ्हाडी बोलणारी. शिक्षणहक्क कायद्यामुळे २०१० पासून वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. पण दहा वर्षांच्या मुलाला थेट चौथी-पाचवीत बसवायचे, तर मागचे भरून काढायला स्वतंत्र शिकवणी हवी. कायद्यात ती आहे. ती खरोखर मिळते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

या सगळ्यातून उभी राहिलेली शाळा म्हणजे अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथील ‘प्रश्नचिन्ह’ आदिवासी आश्रमशाळा. याच समाजातील मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये ती सुरू केली. नोकरी मिळालेला पारधी घरातला मुलगा ती सोडतो, याचे मोल बेड्यावरच्या माणसालाच कळेल. भीक मागणारी, रस्त्यावर वाढणारी पोरे त्यांनी गोळा केली आणि शाळा बव्हंशी लोकांच्या मदतीवर चालवली. गाडगेबाबांच्या मुलखात ही रीत नवी नाही. शेंडगावच्या या संतानेही हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला, हेच आयुष्यभर सांगितले. पुढे शाळेचे ग्रंथालय आणि काही वर्गखोल्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या आखणीत गेल्या.

दहावी-बारावीनंतरची गाठ कागदपत्रांशी पडते. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींत मोडतात आणि जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबाने शाळेची पायरी पाहिली नाही, ज्याच्या नावावर ना सातबारा ना घर, त्याचा कागद नातवाने आणायचा कुठून? पडताळणीत जुने कागद अपुरे पडले तर गृहचौकशी होते. त्या वेळी जमातीची बोली, देवदेवता, लग्नातल्या चालीरीती विचारतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात दहा वर्षे काढून मराठी पक्की केलेल्या मुलाला तिथे घरची बोली आठवावी लागते, आणि ती नीट आली नाही तर तो पारधी आहे की नाही, यावरच शंका घेतली जाते.