डब्यातली फिल्म वाकडी का?

फोनमधला 'व्हिंटेज' फिल्टर फोटोच्या चारही कडा सारख्याच धूसर करतो. जुन्या प्लॅस्टिकच्या डबा कॅमेऱ्याची धूसरता अशी नसते, आणि लोक म्हणतात तशी तिच्यात कसली जादूही नाही. आपल्याकडे खूप खपलेला आग्फा क्लिक थ्री असो की तसाच दुसरा, 120 च्या (सुमारे 6 सेंमी रुंद फिल्मच्या) रोलवर 6×6 सेंमीचे 12 फोटो निघतात. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांची पाठ उघडून बोट फिरवा: फिल्मची वाट सपाट नाही, भिंगाकडे पोकळ अशी वाकलेली आहे.

कारण घरीच दिसतं. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोली अंधारी करा, एकच पडदा थोडा उघडा, आणि वाचायच्या भिंगाने समोरच्या टॉवरची प्रतिमा कागदावर पाडा. मधल्या खिडक्या रेखीव, कडेच्या पुसट. आता कागदाच्या दोन्ही कडा भिंगाकडे वाकवा. कडेच्या खिडक्या स्पष्ट होतात, वरच्या-खालच्या मात्र पुसटच.

एकेरी भिंगाची प्रतिमा वाटीच्या आतल्या बाजूवर उमटते. वाटीची त्रिज्या नाभीय अंतराच्या साधारण दीडपट. 75 मिमीचं भिंग धरलं तर 112 मिमी. मध्यापासून 28 मिमीवर, म्हणजे चौकटीच्या कडेला, प्रतिमा सुमारे 3.5 मिमी पुढे येते. छिद्र एफ/11, म्हणजे नाभीय अंतराच्या अकराव्या भागाइतकं, असेल तर 3.5 ला 11 ने भागा: सपाट फिल्मवर बिंदूचा 0.3 मिमीचा डाग. (मेनिस्कस, म्हणजे एका बाजूने फुगीर नि दुसरीकडून पोकळ भिंग, आणि त्यापासून थोडं दूर ठेवलेलं छिद्र यातलं काही सावरतात.) महाग कॅमेऱ्यात यासाठी जादा भिंगं घालतात, इथे साच्यातच वाकलेलं प्लॅस्टिक, जादा खर्च शून्य. पण फिल्म एकाच दिशेने वाकते, तिची वाटी होत नाही, पन्हाळ होते. म्हणून फिल्म आडवी सरकत असेल तर डावी-उजवी बाजू बरी, वर-खाली मऊ, कोपरे सगळ्यात वाईट.

शटर साधारण 1/30 ते 1/50 सेकंद, त्यामुळे हात हलला की फोटो गेलाच. 100 आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता) निगेटिव्ह फिल्म ढगाळ दिवसाला बेताची. कडक उन्हात दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश पडतो, पण ती सोसते. आषाढातल्या काळ्या ढगांना 400 घ्या. पाठीवरची लाल खिडकी लाल रंग न 'दिसणाऱ्या' जुन्या फिल्मसाठी होती. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या, फिल्मला लाल दिसतो, तेव्हा खिडकीतून फोटोचा आकडा पाहून झाला की तिच्यावर काळी टेप लावा.

कॅमेऱ्यावर 620 (रोलचा दुसरा जुना प्रकार) लिहिलं असेल तर फिल्मची रुंदी 120 चीच, पण रीळ बारीक. 120 चा रोल पूर्ण अंधारात 620 च्या रिळावर गुंडाळावा लागतो. फिल्मचं एकच टोक तिच्या पाठीमागच्या कागदाला टेपने चिकटवलेलं असतं. तिथे फुगवटा आला तर टेप सोडवून पुन्हा लावा. रोल सैल राहिला की कडेने उजेड शिरतो.