डासवाहित विषाणुजन्य रोगांवरील लसी

एडीस व क्यूलेक्स वंशांतील डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वर, डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, जपानी मेंदूज्वर इ. रोगांवरील लसी. मॅक्स थायलर यांच्या १७डी या पीतज्वराच्या लसीची (१९३७, नोबेल पारितोषिक १९५१) एक मात्रा बहुतेकांना आयुष्यभर पुरते. जपानी मेंदूज्वरावरही परिणामकारक लसी आहेत. या दोन्ही रोगांच्या विषाणूंच्याच वंशातील डेंग्यूच्या विषाणूने मात्र संशोधकांना दीर्घकाळ झुंजविले.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाल्यास त्या प्रकाराविरुद्ध टिकाऊ, तर इतरांविरुद्ध अल्पकालीन संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो. याचे कारण वादग्रस्त होते. अपुरे प्रतिपिंड (संसर्गाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) विषाणूला निष्प्रभ न करता उलट भक्षक पेशींत (जंतू गिळणाऱ्या रक्तपेशींत) शिरण्यास मदत करतात, अशी उपपत्ती स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधील रुग्णांच्या अभ्यासावरून मांडली. प्रयोगशाळेतील तत्सम निरीक्षण हॉक्स यांनी १९६४ मध्येच नोंदविले होते. लिऑन रोझेन प्रभृतींनी विषाणूच्या वाणांच्या (एकाच प्रकारातील उपभेदांच्या) तीव्रतेवर भर दिला. आईकडून प्रतिपिंड मिळालेल्या तान्ह्या मुलांना पहिल्याच संसर्गात गंभीर आजार होऊ शकतो, ही गोष्ट पहिल्या मताला अधिक अनुकूल दिसते. तथापि वाणांतील फरक सर्वस्वी गौण मानता येत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी राहिला नाही. १७डीच्या सांगाड्यावर बेतलेली (म्हणजे १७डीच्या विषाणूत डेंग्यूच्या आवरणाची जनुके घालून केलेली) डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस २०१५ अखेर मेक्सिकोत मान्य झाली. फिलिपीन्समध्ये २०१६ पासून ८ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत लस हाच जणू पहिला संसर्ग ठरून पुढील आजाराची तीव्रता वाढू शकते, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनी जाहीर केले आणि तेथील मोहीम थांबली. डेंग्यूच्याच दुसऱ्या प्रकारावर बेतलेली क्यूडेंगा ही लस त्यानंतरची. पूर्वसंसर्ग नसलेल्यांत तिसऱ्या व चौथ्या प्रकारांविरुद्ध तिची परिणामकारकता पुरेशी सिद्ध झालेली नाही.

लस आधी प्राण्यांवर पारखणेही अवघड आहे. सामान्य उंदरांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंटरफेरॉनची (विषाणूंना रोखणाऱ्या शरीरातील प्रथिनांची) क्रिया खंडित केलेले उंदीर वापरावे लागतात, आणि त्यांच्यावरून माणसाविषयी अनुमान काढणे जोखमीचे असते.

झिकाची साथ २०१६ नंतर ओसरल्याने लसींच्या चाचण्यांना पुरेसे रुग्ण मिळेनात. चिकुनगुन्याची पहिली लस अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य झाली. गंभीर दुष्परिणामांमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना तेथे निलंबित झाला. पश्चिम नाईल ज्वरावर घोड्यांसाठी लसी आहेत, माणसांसाठी नाहीत.