प्रोस्टेटची वाढ आणि वनस्पतींचे रस

उतारवयात प्रोस्टेट ग्रंथीची कर्करोगाविना होणारी वाढ आणि तिच्यामुळे होणारा लघवीचा त्रास यांवर घरगुती उपाय म्हणून वनस्पतींचे ताजे रस घेतले जातात. भारतात यासाठी दुधी भोपळा, कोहळा, टोमॅटो, डाळिंब आणि बीट यांचे रस विशेष प्रचलित आहेत. यांपैकी कोणत्याही रसाने वाढलेली ग्रंथी लहान होते, असे सिद्ध झालेले नाही.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असते आणि तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम भरते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे ती वयाबरोबर वाढत जाते. मग लघवीची धार बारीक होते, कुंथावे लागते, रात्री वारंवार उठावे लागते आणि क्वचित लघवी पूर्ण तुंबते.

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे (लघवी अडण्याच्या विकाराचे) १२ प्रकार सांगितले असून, त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन या विकाराशी बरेच जुळते. आयुर्वेदात गोखरू, वरुण (वायवर्णा) आणि पुनर्नवा ही मूत्रविकारांवरची प्रसिद्ध द्रव्ये आहेत. मात्र ती बहुधा काढा, चूर्ण किंवा गुग्गुळकल्प (गुग्गुळ या डिंकात बनवलेली औषधे) या रूपांत दिली जातात. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी पेलाभर भाजीचा रस पिण्याच्या आजच्या प्रथेला या परंपरेचा आधार पुरेसा होत नाही.

आधुनिक चाचण्या झाल्या त्या मुख्यतः अर्कांच्या, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पतिजन्य घटकाची २०० रुग्णांवरील चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लघवीचा प्रवाह सुधारला, परंतु ग्रंथीचा आकार घटला नाही. सॉ पाल्मेटो या अमेरिकी खुजा ताडाच्या फळांचा अर्क २००६ मध्ये २२५ आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवरील चाचण्यांत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला नाही. दुसऱ्या चाचणीत तर मात्रा नेहमीच्या तिपटीपर्यंत वाढवूनही फरक पडला नाही. शिवाय हे घटक स्निग्धात विरघळणारे असल्याने पाणीदार, गाळलेल्या रसात ते फारच थोडे उतरतात. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही तेलात शिजवल्यावर अधिक शोषले जाते, म्हणजे त्याबाबत कच्च्या रसापेक्षा साधे सारच उजवे. डाळिंबाच्या रसाविषयी २००६ मध्ये गाजलेला अभ्यास प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झालेल्या रुग्णांचा होता, साध्या वाढीचा नव्हे.

या विकारात त्रास आपोआप कमी-जास्त होत राहतो आणि बिनऔषधी गोळीनेही अनेकांना बरे वाटते. रसाचा गुण आला असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो पुरावाही होत नाही.

रस निरुपद्रवी असतात हा समज धोक्याचा आहे. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाले आहेत. म्हणून रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा आणि त्याच्या रसात दुसरा रस मिसळू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सुचवले. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना टोमॅटो व बीट यांतील पोटॅशियम, तर मुतखडा होणाऱ्यांना बीटमधील ऑक्झलेट अपायकारक ठरू शकते. संध्याकाळनंतर घेतलेला कोणताही रस रात्रीचे उठणे वाढवतो. लघवी तुंबणे, लघवीतून रक्त जाणे किंवा तापासह जळजळ होणे या लक्षणांत रसावर विसंबल्यास मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.